क्रमांक एकची जबाबदारी

चालू असलेल्या लिनक्स यंत्रावर रूट म्हणून लॉगिन करा आणि क्रमांक १ च्या प्रोसेसला 'किल -९' द्या. हा शेवटचा हुकूम. तो सुटला की भल्याभल्या प्रोसेस क्षणात संपतात, हातातलं काम आवरायलाही त्यांना सवड मिळत नाही. क्रमांक १ ला मात्र काहीच होत नाही. कमांड मुकाट परत येते आणि यंत्र पूर्वीसारखं चालत राहतं. कर्नलने तो वार मधल्यामध्ये अडवलेला असतो.

अडवण्याचं कारण सरळ आहे. डेटाबेस पडला तर उठवता येतो, वेब सर्व्हर पडला तर उठवता येतो. क्रमांक १ पडली तर तिला उठवायला कुणी शिल्लकच नसतं. एखाद्या चुकीमुळे ती स्वतःच कोसळली, तर इनिटला मारण्याचा प्रयत्न झाल्याचा संदेश पडद्यावर टाकून कर्नल तिथल्या तिथे थांबतो. याला कर्नल पॅनिक म्हणतात. त्यानंतर हातात फक्त वीज बंद करून पुन्हा चालू करणं उरतं.

या प्रोसेसचं परंपरेने चालत आलेलं नाव इनिट. बटण दाबल्यावर कर्नल मेमरी ताब्यात घेतो, हार्डवेअर ओळखतो, मुख्य डिस्क जोडतो. इथवरची कामं त्याची. पुढे लॉगिन कुणी दाखवायचं, नेटवर्क कधी लावायचं, छपाईची सेवा चालू करायची की नाही, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. म्हणून तो ठरलेल्या जागी एक प्रोग्राम शोधतो. आधी 'एसबिन' फोल्डरातला इनिट, नाही मिळाला तर 'एटसी'मधला, मग 'बिन'मधला, आणि तोही नसेल तर साधं शेल. जो पहिला सापडेल त्याला क्रमांक १ मिळतो. कर्नलच्या स्वतःच्या कामाचे धागे सोडले, तर यापुढे यंत्रावर जन्मणारी प्रत्येक प्रोसेस या एकीच्याच वंशातली.

वंश म्हटला की वारसाचा प्रश्न आलाच. युनिक्समध्ये प्रोसेस संपली तरी कर्नलच्या तक्त्यातली तिची नोंद लगेच पुसली जात नाही. गावाकडे माणूस गेल्यावरही फेरफार होईपर्यंत सातबाऱ्यावर त्याचं नाव राहतं, तसंच हे. तिला जन्म देणाऱ्या प्रोसेसने येऊन 'ती कशी गेली' याची विचारपूस केली, की मगच नोंद निघते. तोवर तिला झॉम्बी म्हणतात. आणि जन्म देणारीच आधी गेली असेल तर? मग ते पोरकं मूल सहसा क्रमांक १ च्या पदरात टाकलं जातं. सगळ्या यंत्रातल्या पोरक्यांचं पालकत्व आणि त्यांच्या मागची नोंद मिटवणं, हे इनिटचं न टळणारं काम. बाकीची कामं कुणी वाढवली, कुणी कमी केली. या कामातून आजवर कुठलाही इनिट सुटलेला नाही.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं, त्याच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून इनिट आहे. सुरुवातीच्या वर्षांतला त्याचा दिनक्रम आटोपशीर होता. 'आरसी' नावाची स्क्रिप्ट एकदा चालवायची आणि यंत्राला जोडलेल्या प्रत्येक टेलिटाइपवर लॉगिनची वाट पाहणारी एक प्रोसेस बसवायची. माणूस काम संपवून निघून गेला की ती प्रोसेस संपे, इनिटला ते कळे, आणि तो लगेच तिच्या जागी दुसरी बसवी. टर्मिनल कधी ओस पडू द्यायचं नाही, ही त्याची राखणदारी.

इथे एक गोष्ट नीट पाहून ठेवावी, कारण पुढच्या पन्नास वर्षांचा सगळा वाद तिच्यापोटी आहे. या इनिटची नजर टर्मिनलवर होती. पडद्यामागे चालणाऱ्या सेवा, ज्यांना युनिक्सचे लोक डीमन म्हणतात, त्या 'आरसी' स्क्रिप्टने एकदा सुरू करून दिल्या की इनिटचा त्यांच्याशी संबंध संपला. त्या काळी यंत्राचं काम म्हणजे मुख्यतः टर्मिनलवर बसलेल्या माणसांचं काम, त्यामुळे ते चाललं. पुढे टर्मिनलं कमी झाली, सेवा वाढल्या, पण राखणदाराची नजर जुन्याच दिशेला राहिली.

१९८३ मध्ये एटी अँड टीने सिस्टिम व्ही बाजारात आणली. यातला व्ही म्हणजे रोमन पाच. तिच्यातल्या इनिटकडे 'इनिटटॅब' नावाची फाइल आणि रनलेव्हलची कल्पना होती. लिनक्सवर याच पद्धतीचा इनिट मिकेल व्हान स्मूरेनबर्ग यांनी नव्याने लिहिला. तो सिसव्हीइनिट. ज्यांनी २००० च्या आसपास लिनक्सचे सर्व्हर सांभाळले, त्यांच्या बोटांना या पद्धतीची सवय अजून असेल. रनलेव्हल ० म्हणजे बंद, १ म्हणजे एकट्या अ‍ॅडमिनसाठी दुरुस्तीची अवस्था, ६ म्हणजे रीबूट. मधल्या आकड्यांचा अर्थ प्रत्येक वितरणाने आपापला लावला. रेड हॅटमध्ये ३ म्हणजे नुसतं टर्मिनल आणि ५ म्हणजे ग्राफिकल लॉगिन. डेबियनमध्ये २ ते ५ सगळे सारखेच. प्रत्येक रनलेव्हलचं एक फोल्डर. त्यात स्क्रिप्टांचे दुवे. नावाच्या सुरुवातीला 'एस' असेल तर सुरू करा, 'के' असेल तर मारा, आणि पुढचा आकडा म्हणजे रांगेतला नंबर. एस१० आधी, एस२० नंतर.

हे मला आजही सुंदर वाटतं. काहीही दडलेलं नाही. फोल्डर उघडलं की यंत्र सकाळी कोणत्या क्रमाने जागं होणार ते अक्षरशः वाचता येतं, आणि एखादी स्क्रिप्ट बिघडली तर ती उघडून ओळ न ओळ तपासता येते. शेल येणाऱ्या कुणालाही.

पण या पद्धतीचं दुखणं खोल होतं. डीमन सुरू होताना एक जुनी कसरत करतो. स्वतःची प्रत काढतो, ती प्रत आणखी एक प्रत काढते, आणि आधीच्या दोघी संपून जातात. उरलेली तिसरी आता पोरकी. ती इनिटच्या पदरात पडते, पण ही कोणत्या सेवेची, हे इनिटला कुणी सांगितलेलंच नसतं. मग डीमनने आपला क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवायचा आणि थांबवायच्या वेळी स्क्रिप्टने तो वाचून त्या प्रोसेसला संदेश पाठवायचा, अशी सोय निघाली. या सोयीत धोका होता. समजा डीमन मध्येच मेला. फाइल तशीच राहिली. लिनक्समध्ये प्रोसेसचे क्रमांक परंपरेने ३२,७६८ च्या आत फिरत असत, म्हणजे आज ना उद्या तोच क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळणार. त्यानंतर तुम्ही 'थांबव' म्हणालात, तर मरणार ती भलतीच प्रोसेस. शिवाय डीमन रात्री दोनला मेला तर तो मेल्याचं सकाळी फोन वाजेपर्यंत कुणालाच कळत नसे. आणि याच इनिटटॅबमध्ये 'रिस्पॉन', म्हणजे मेल्यास पुन्हा उठव, असा शब्द होता! तो लॉगिनच्या प्रोसेसपुरता वापरला गेला. सेवांसाठी तो वापरायची रीत पडली नाही.

माझ्या मते इनिट पद्धतींमधला खरा फरक या एकाच प्रश्नावर ठरतो: सेवा जिवंत आहे की नाही, हे नक्की कुणाला ठाऊक असतं? वेगाने बूट होणं, स्क्रिप्टांची लांबी, फाइलींची मांडणी या गोष्टी त्यामागून येतात.

युनिक्सच्याच बीएसडी घराण्याने हा प्रश्न फारसा मनावर घेतला नाही, त्यांनी क्रमाचा प्रश्न सोडवला. तिथे रनलेव्हल कधी आलेच नाहीत. नेटबीएसडीच्या २००० मधल्या १.५ आवृत्तीने प्रत्येक सेवेची छोटी स्क्रिप्ट केली. तिच्या माथ्यावर ती काय पुरवते आणि तिला आधी काय लागतं एवढं लिहायचं, क्रम एक वेगळा प्रोग्राम लावतो. फ्रीबीएसडीने हीच पद्धत उचलली. अ‍ॅडमिनने एका फाइलीत अमुक सेवा 'येस' लिहायचं, संपलं. जेंटू लिनक्समधून २००७ मध्ये आलेला रॉय मार्पल्स यांचा ओपनआरसी याच विचाराच्या जवळचा. तोही स्क्रिप्टाच चालवतो, पण कुणाला कुणाची गरज आहे हे ओळखून. अल्पाइन लिनक्स त्याच्यावरच उभं आहे.

जिवंत कोण या प्रश्नाला पहिलं स्वच्छ उत्तर डी. जे. बर्नस्टाइन यांच्या डीमनटूल्सने दिलं आणि गेरिट पापे यांच्या रनिटने ते क्रमांक १ पर्यंत नेलं. उत्तर असं: ती कसरत करूच नका. डीमनने प्रती काढून पळ काढायचा नाही, समोरच बसून काम करायचं. प्रत्येक सेवेशेजारी एक छोटी पालक प्रोसेस बसवायची. मूल मेलं की पालकाला कर्नल स्वतः कळवतो, क्रमांकाच्या फाइलींची गरजच संपते. पालक ती सेवा लगेच उठवतो. व्हॉइड लिनक्समध्ये रनिटच आहे. तिथे सेवा चालू ठेवायची म्हणजे तिच्या फोल्डरचा दुवा ठरलेल्या जागी टाकायचा. पाच सेकंदांच्या आत ती उठते. दुवा काढला की ती जाते. क्रमांक १ कडे उरतात तीन टप्पे: एकदाची कामं, राखण, आणि आवराआवर. इतक्या थोडक्यात इतकं देणारी रचना मी दुसरी पाहिलेली नाही.

मोठ्या कंपन्यांनी वेगळी वाट घेतली. २००५ मध्ये अ‍ॅपलने लाँचडी आणलं, सनने सोलारिस १० मध्ये एसएमएफ आणलं. २००६ च्या ऑक्टोबरात उबुंटू ६.१० मध्ये स्कॉट जेम्स रेमनंट यांचं अपस्टार्ट आलं. ते घटनांवर चाले: नेटवर्क लागलं, ही घटना घडली, आता हे सुरू करा. डीमनच्या त्या कसरतीचा माग ते मोजून ठेवी. कसरत एका प्रतीची की दोन, हे आपण सेटिंगमध्ये लिहायचं. ते चुकीचं लिहिलं तर अपस्टार्ट अस्तित्वात नसलेल्या प्रोसेसची वाट पाहत बसे.

एप्रिल २०१० मध्ये रेड हॅटचे लेनार्ट पॉटरिंग यांनी क्रमांक १ चा नव्याने विचार मांडणारा दीर्घ लेख लिहिला. त्या लेखातला इनिट म्हणजेच त्यांचा आणि काय सीव्हर्स यांचा सिस्टमडी. त्यातल्या दोन कल्पना समजून घ्यायलाच हव्यात.

पहिली सॉकेटची, जी लाँचडीत आधी होती. एका सेवेला दुसरी लागते म्हणून बूटच्या वेळी रांग लागते. सिस्टमडी सेवांचे सॉकेट, म्हणजे त्यांच्या निरोप घेण्याच्या जागा, स्वतः आधीच उघडून ठेवतो. घरात अजून कुणी राहायला आलेलं नसलं, तरी दाराला टपालपेटी लावलेली असेल तर पोस्टमन पत्र टाकून पुढे जातो, तसं. पत्रं साठतात, घरमालक आला की वाचतो. कुणी कुणासाठी दारात खोळंबत नाही, सगळ्या सेवा एकदम उठू शकतात.

दुसरी सीग्रुपची. गूगलच्या इंजिनिअरांनी सुरू केलेलं हे काम २००८ च्या जानेवारीत कर्नल २.६.२४ मधून सर्वांना मिळालं. सेवा सुरू करतानाच तिच्यावर कर्नलच्या वहीत एक शिक्का बसतो आणि तो तिच्या सगळ्या वंशजांना आपोआप लागतो. डीमनने कितीही प्रती काढल्या तरी शिक्का सुटत नाही. 'थांबव' म्हटलं की त्या शिक्क्याच्या सगळ्या जातात, दुसरं कुणी मरत नाही. चाळीस वर्षं चिघळलेला प्रश्न जुन्या डीमनच्या कोडची एक ओळही न बदलता सुटला. सिस्टमडीबद्दल कुणाचं काहीही मत असो, या कामाचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

आक्षेप वेगळ्या ठिकाणी होता. सिस्टमडी इनिटपुरता थांबला नाही. लॉग, लॉगिन सेशन, नेटवर्क, वेळापत्रक अशी कामं त्याच्या छत्राखाली आली, आणि डेस्कटॉपचे प्रोग्राम त्या कामांवर विसंबू लागले. बदलता येणारी वस्तू पायाचा दगड बनू लागली. मे २०११ मध्ये फेडोरा १५ ने सिस्टमडी घेतला. डेबियनमध्ये मात्र घमासान चर्चा झाली. तिथल्या आठ जणांच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी २०१४ मध्ये सिस्टमडी आणि अपस्टार्ट यांना चार-चार मतं पडली आणि अध्यक्ष बीडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडी ठरला. काही दिवसांतच उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी तेही मागोमाग येईल असं जाहीर केलं. सिस्टमडी नको असलेल्यांपैकी काहींनी वेगळी चूल मांडली. ती देवुआन, जिची १.० आवृत्ती मे २०१७ मध्ये निघाली. आपल्या सी-डॅकची 'बॉस' ही ऑपरेटिंग सिस्टिम डेबियनवरच बेतलेली आहे, त्यामुळे दूर कुठे तरी पडलेल्या त्या एका मताचा धागा भारतातल्या सरकारी कचेऱ्यांतल्या संगणकांपर्यंत येतो.

आता समजा, डेबियनवर तुम्हाला सिस्टमडी काढून सिसव्हीइनिट बसवायचा आहे. डेबियन त्याला आजही वाट ठेवतं. कमांड एकाच ओळीची, 'सिसव्हीइनिट-कोअर' हे पॅकेज बसवा. पण ही ओळ शेवटी यायची.

आधी यंत्रावर काय काय सिस्टमडीच्या आधाराने उभं आहे त्याची यादी करायची. लॉग जर्नलमध्ये जात असतील तर आरसिसलॉग हवा. टायमरवर चालणारी कामं क्रॉनमध्ये हलवायला हवीत. नेटवर्क सिस्टमडीच सांभाळत असेल तर त्याची सोय आधी लावायची, नाही तर यंत्र उठेल आणि कुणाशी बोलू शकणार नाही. डेस्कटॉप असेल तर ईलॉगइनडी लागतो, त्याच्याशिवाय मेनूतलं बंद करण्याचं बटणसुद्धा काम करेनासं होतं. आणि प्रत्येक सेवेची जुनी स्क्रिप्ट शिल्लक आहे का ते पाहायचं. अनेक पॅकेजांनी त्या टाकून दिल्या. टाकून दिलेल्या स्क्रिप्टा काही स्वयंसेवकांनी वेचून एका पॅकेजात ठेवल्या आहेत, आणि त्याच्या नावातच 'ऑर्फन' आहे. पोरक्यांना सांभाळणारं कुणी तरी इथेही निघालं.

मग पॅकेज बसवायचं. ते बसलं की डिस्कवरचा इनिट बदलतो, पण मेमरीत चाललेला क्रमांक १ जुनाच असतो. कर्नलने त्याची फाइल धरून ठेवलेली असते. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा रीबूटची कमांड दिली आणि काहीच घडलं नाही. अर्धा तास मी चूक शोधत होतो. कारण असं होतं की रीबूटची कमांडही आता नव्या घरची झाली होती. ती सिसव्हीइनिटच्या पाइपमधून निरोप पाठवत होती, आणि क्रमांक १ वर बसलेला सिस्टमडी वेगळ्याच भाषेत निरोपाची वाट पाहत होता. अशा वेळी सिंक करून डिस्कवर सगळं उतरवायचं आणि रीबूटला सक्तीचा पर्याय द्यायचा. मग ती इनिटला न विचारता थेट कर्नलला सांगते.

जुना सिस्टमडी या वेळी काढून टाकायचा नाही. नवा इनिट उठला नाही, तर बूटच्या मेनूत कर्नलच्या ओळीला 'इनिट=' जोडून जुन्याचा पत्ता देता येतो. तोही मिळाला नाही तर तिथेच बॅशचा पत्ता द्या. मग शेलच क्रमांक १ होतं. डिस्क बहुधा फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते, ती लिहिण्यासाठी पुन्हा जोडून दुरुस्ती करायची. फक्त सवयीने 'एक्झिट' म्हणू नका. त्या क्षणी क्रमांक १ संपते आणि पॅनिक येतं. नवं घर नीट उठतंय याची दोन-तीन बूटांत खात्री पटली, की मगच जुन्याला निरोप. आणि ज्या सर्व्हरच्या कन्सोलपर्यंत तुम्ही पोचू शकत नाही, त्याच्यावर हे अजिबात करू नका.

हा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. रोजच्या सर्व्हरसाठी मी स्वतः सिस्टमडीच ठेवतो. पण मोजक्या मेमरीच्या जुन्या यंत्रावर, राउटरसारख्या एकाच कामाच्या पेटीत, किंवा प्रत्येक ओळ स्वतः वाचायची असेल तिथे रनिट किंवा ओपनआरसी अधिक शोभतात. कंटेनरमध्ये तर आपला प्रोग्रामच क्रमांक १ होतो. पोरक्यांची नोंद मिटवायची हे त्याला शिकवलेलं नसतं, झॉम्बी साठत जातात. म्हणून कंटेनर चालवणाऱ्या डॉकरला '--इनिट' सांगितलं की तो टिनी नावाचा इवलासा इनिट आत बसवतो. १९७१ चंच काम, नव्या जागी. खिशातला अँड्रॉइड फोनही याला अपवाद नाही. त्याचा इनिट वेगळा आणि त्याच्या आरसी फाइलीही वेगळ्या, पण सगळी अ‍ॅप्स ज्या झायगोट नावाच्या प्रोसेसच्या पोटी जन्मतात, तिला सुरू करणारा आणि मेल्यास पुन्हा उठवणारा तोच.

हे प्रकरण नुसतं वाचून सोडू नका. एखाद्या व्हर्च्युअल मशीनमध्ये डेबियन बसवा आणि पहिल्या क्रमांकावर कोण आहे ते पाहा. नावावर जाऊ नका, इनिट हे नाव बहुधा नुसता दुवा असतो. 'प्रॉक' फोल्डरात १ च्या आत 'एक्सई' आहे, तो कुठे नेतो ते पाहा. मग त्या मशीनची एक प्रत काढून ठेवा आणि वर सांगितलेला बदल आपल्या हाताने करा.